हाकेला ओ

शेजारची सून परवा ताडोबाजवळच्या कुठल्याशा रिसॉर्टवर राहून आली. आल्या आल्या माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, काय शांत हाये वो तिथी! नुसतं बसून राहावं वाटते." मी म्हटलं, "मग राहाचं ना बसून." ती खळखळून हसली. मी थट्टा करते आहे असं तिला वाटलं. थट्टा होतीच, आयुष्यभर वर्गात पोरांची फिरकी घेतली की ती सवय सुटत नाही. पण शांत जागी नुसतं बसून राहणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकातला एक अख्खा शरद मी तसा बसून काढला आहे.

ती गेल्यावर मी गच्चीवर गेले. ऑक्टोबरचं आकाश कसं धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. कुंडीतल्या पानांवर अजून थोडं दहिवर होतं. बोटानं पुसलं, तर बोट काळं झालं. चंद्रपूरच्या हवेत दवाचीही कोळशातून सुटका नाही. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या घालत होता. त्यातून तांदळाचा वास वर आला आणि मला एकदम मामाच्या घरामागची बांधी, भाताचं खाचर, दिसली. लुचई जातीचं धान निसवलेलं, लोंब्यांत दूध भरत आलेलं, आणि त्या सगळ्या हिरव्या-पिवळ्यावर दुपारचं निवांत ऊन.

तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. नवरा घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात. मी भद्रावतीला एका शाळेत शिकवायची, रोज बसनं जायची-यायची. नोकरी सोड, असं त्याचं म्हणणं होतं. मी सोडत नव्हते. यावर आमच्यात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, पण त्यानं भांडण केलंच नाही. त्यानं बोलणं कमी केलं. आधी 'हो-नाही'वर आला, मग नुसत्या 'हूं'वर. पुढे पुढे मी स्वयंपाकघरातून "अहो, जेवायला या" म्हटलं, की उत्तर यायचं नाही, माणूस मात्र येऊन ताटावर बसायचा. सवय कशाचीही होते. मलाही झाली.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं मला स्वतः बसमध्ये बसवून दिलं. ट्रंक वर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "दिवाळी होऊ दे, मी येतो न्यायले." कित्येक दिवसांत इतकं लांब वाक्य तो माझ्याशी बोलला नव्हता. मी त्या वाक्यावर इतकी खूश झाले, की चंद्रपूर येईपर्यंत मनातल्या मनात तेच घोळवत राहिले.

माझे आई-वडील गेलेले. माहेर म्हणजे गोंडपिपरीच्या पुढे जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावरचं मामाचं गाव. मामी जाऊनही काही वर्षं झाली होती. दौलतमामा एकटाच राहायचा, गावाच्या टोकाच्या शेवटच्या घरात. पुढं सपरी, म्हणजे पडवी, मागं परसात फणस, आणि फणसापासून थेट धानाच्या बांध्या. बांध्यांपलीकडे तलाव, तलावापलीकडे जंगल. मामानं सपरीतच माझी ट्रंक उघडली, कारण कुलपाची किल्ली फिरत नव्हती आणि त्याला असल्या गोष्टींत फार उत्साह. वरच सासूनं ठेवलेला माझा स्वेटर निघाला. दिवाळीच्या सुट्टीला स्वेटर! सुट्टी संपेपर्यंत तर हवेत नुसता गारवा येतो. मामानं तो उचलला, उलटसुलट पाहिला आणि पुन्हा घडी घालून ठेवून दिला. "भूक लागली असन तुले," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून मी वाट पाहायला लागले, आणि तोही.

दुःखात माणसाला आजूबाजूचं काही दिसत नाही म्हणतात, ते खोटं आहे. उलट फार दिसतं, कारण दुसरं करायला काही नसतं. सकाळी उठून परसात आलं की कोळ्यांची जाळी दवानं भरलेली असायची, जिकडेतिकडे, गवतावर, कुंपणावर, मामाच्या वाळत टाकलेल्या धोतरावरसुद्धा. सागाची मोठमोठी पानं किड्यांनी खाऊन नुसत्या शिरा उरलेली, त्यातून ऊन गाळून खाली पडायचं. तलावावर मासेमार ढिवरांच्या बाया गळ्यापर्यंत पाण्यात उतरून शिंगाडे तोडायच्या आणि मोठमोठ्यानं एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवायच्या. मी काठावर बसून ऐकायची. एकदा त्यातली एक मला ओरडून म्हणाली, "वो मास्तरीनबाई, तुमचा नवरा कसा हाये?" मी म्हटलं, "चांगला हाये." "मंग सोडून द्या," ती म्हणाली, आणि सगळ्या पाण्यात हसून हसून लोळल्या. ओंजळभर शिंगाडे मला फेकून दिले त्यांनी. मी ते उकडले. मामा दोन खाऊन उठला. बाकीचे मी एकटीनं खाल्ले, पोट दुखेपर्यंत.

मला करमावं म्हणून मामाची किती खटपट! चिखल अजून ओला होता, तर उभ्या धानात लाखोळी फेकायला मला बरोबर घेऊन गेला. धान कापायच्या आतच त्याच्या पायाशी पुढचं पीक पेरून ठेवायचं, ही तिकडची रीत. धान निघतं तोवर लाखोळीनं माती धरलेली असते. मी ओटीतून मूठ भरून फेकत होते आणि दाणे लोंब्यांवर आपटून टपटप खाली पडत होते. "दिसते नाई आता, पन येते," मामा म्हणाला. तो लाखोळीबद्दलच बोलत होता. मी मात्र त्यातून माझ्यासाठी शुभशकुन काढला. वाट पाहणारं माणूस शकुनाच्या बाबतीत अगदी निर्लज्ज होतं.

संध्याकाळची गाडी फाट्यावर यायची. फाट्यावर मोहाचं झाड आणि त्याखाली बशीरभाऊंचं सायकल दुरुस्तीचं आणि चहाचं एकत्र दुकान. चहाला कधीकधी सोल्युशनचा वास यायचा. मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथं जायची. कधी काडेपेटी, कधी सुई-दोरा. एवढ्या काड्यापेट्या घेऊन ही बाई जंगल पेटवते की काय, असं बशीरभाऊंना वाटलं असणार, पण तसं ते कधी बोलले नाहीत. लांबून लाल धूळ दिसली की म्हणायचे, "येऊन राह्यली बाई, गाडी." गाडी थांबायची, कोंबड्या-पिशव्यांसकट चार माणसं उतरायची आणि गाडी निघून जायची. बशीरभाऊ माझ्याकडे न बघता पाना शोधायला लागायचे. मग मी धुळीतून परत. गावात दिवाळी होती, ढोल वाजत होते, गायी रंगवून गळ्यात घाट्या बांधल्या होत्या. आमचं घर बौद्ध, आमच्याकडे दिवाळीचे दिवे लावत नव्हते; पण त्या वर्षी मला वाटून गेलं की एखादा लावावा. लावला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती.

धानात दाणा भरला की रानडुकरं येतात. म्हणून तिकडे प्रत्येकाच्या बांधीत मचाण असतं आणि घरचा पुरुष दिवेलागणीला त्यावर जागलीला चढतो. चढला की आधी एक लांब हाक देतो, "होऽऽऽ!" शेजारच्या मचाणावरून ओ येते. मग तो शेजारी पुढच्याला हाक देतो. अशी हाक बांध्याबांध्यांतून तलावाच्या पाळीपर्यंत, बंधाऱ्यापर्यंत, जाते. डुकरांना कळतं माणसं जागी आहेत म्हणून, आणि माणसांना कळतं सगळे पोचले म्हणून. वाघाचा मुलूख. कुणाची ओ आली नाही, तर बाकीचे कंदील घेऊन उतरतात.

मामाच्या शेजारच्या बांधीचा मालक सोमाजी. मामाचं आणि त्याचं बोलणं बंद होतं. एका कमी पावसाच्या वर्षी तलावाच्या पाण्याची पाळी मामाची असताना सोमाजीनं धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून पाणी स्वतःच्या बांधीत घेतलं होतं. मामाचं धान गर्भातच वाळलं. तेव्हापासून दोघं रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण बाभळीकडे बघायचा आणि दुसरा आभाळाकडे. एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेले नाहीत, मयतीला गेले नाहीत, मामीच्यासुद्धा नाही. आणि तरी रोज संध्याकाळी मामा मचाणावर चढून "होऽऽऽ" करायचा आणि सोमाजी लगेच ओ द्यायचा, अगदी लगेच, कान लावूनच बसल्यासारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मामाला विचारलं, "मामा, हे कसं वो?" तो म्हणाला, "बोलनं बंद हाये. हाक काऊन बंद राहीन?" जणू मी काहीतरी भलतंच विचारलं होतं.

दिवाळी झाली. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले. एका सकाळी मामानं धुतलेला सदरा घातला, "गोंडपिपरीले काम हाये, सांजेले येतो" म्हणाला आणि गेला. सांज झाली, गाडी आली, मामा आला नाही. मी घरी येऊन दिवा लावला आणि परसदाराशी बसले. बांध्यांवर धुकं उतरत होतं. तेवढ्यात हाक आली, सोमाजीची. मी गप्प बसले. पुन्हा आली. मामाचं त्याच्याशी बोलणं नाही, मी पाहुणी, त्यातून बाईमाणूस. माझ्या ओ देण्याचा काय संबंध, असं मला वाटलं. तिसऱ्या हाकेनंतर धानातून एक कंदील हलत हलत यायला लागला. आमच्या धुऱ्यापाशी येऊन थांबला. धुरा काही त्यानं ओलांडला नाही.

"ओ बाई! तुहा मामा कुठी हाये?"

"गोंडपिपरीले गेले. आले नाईत अजून."

"मंग तुनं ओ काऊन नाई देल्ली?"

"तुमचं त्याइचं बोलनं नाई ना..."

कंदील वर झाला. त्याच्या उजेडात माझा चेहरा दिसतो का, ते तो बघत होता. "बोलनं नाई, ते त्याचं-माहं. ओ नाई देल्ली तं समोरचा मानूस मेला का जित्ता हाये, कसं समजन? मी तिथून पराटी तुडवल्यावानी उभं धान तुडवत आलो ना, बाप्पा!" तो खरंच धापा टाकत होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दार लावून घेजो. मी हाये तिथी. हाक देईन, तू घरातूनच ओ देजो." आणि गेला. झोप लागेपर्यंत तो अधूनमधून हाक देत राहिला आणि मी बाजेवर पडल्या पडल्या ओ देत राहिले. माझ्या लग्नाच्या घरात इतक्या हाका-ओ कधी झाल्या नव्हत्या. हे तेव्हा मनात आलं आणि मी उशीत तोंड खुपसून रडले.

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पायांवर गुडघ्यापर्यंत पांढरी धूळ होती. लाल नव्हे, पांढरी. आमच्या घुग्घुसच्या घरावर बसायची तीच. तो कुठं गेला होता ते मला त्यानं सांगायच्या आधीच समजलं. मी पाणी दिलं. तो सपरीत बसला, पेला हातात तसाच.

"गेलतो त्याच्या घरी," म्हणाला. "त्याची सायकल दारात. चपला दारात. मी हाक मारली. जावाईबापू, म्हटलं. आत खोकलला. पुन्हा हाक मारली. त्याची माय बाहेर आली, म्हने डूटीवर हाये." मामानं माझ्याकडे पाहिलं. "डूटीवर हाये तं खोकलला कोन, बाई?"

मामानं पेला खाली ठेवला.

"मी उंबऱ्यापाशी उभा राह्यलो, अंधार पडेपर्यंत. ओ नाई देल्ली त्यानं." त्याचा आवाज फाटला. मामीच्या वेळीही मी त्याला असा पाहिला नव्हता. "सोमानं माहं पानी चोरलं. लेकरावानी वाढवलेलं धान वाळलं माहं. पन ओ नाई देल्ली, असा एक दिवस नाई झाला. आता तू त्याची वाट नोको पाहू. काऊन का हाकेले ओ न देनाऱ्या मानसाच्या घरात तू मेली तरी कोनाले समजनार नाई."

त्या संध्याकाळी मी फाट्यावर गेले नाही. मामा बाजेवर पडून होता, अंगात कणकण. दिवेलागणीला बांध्यांपलीकडून हाक आली. मामा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जा. तूच दे आज."

मी मचाणावर चढले. वर गेल्यावर धान एकदम खूप लांबवर दिसलं, आणि तलावाच्या पाण्यात उरलासुरला उजेड. ओ द्यायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. नुसती हवा. तिकडे सोमाजी थांबला होता. ते थांबणं मला ऐकू येत होतं. त्यानं पुन्हा हाक दिली. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोटातून ओ दिली. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. शिकल्यासवरल्या सुनेनं ओरडायचं नसतं. फणसावरचे बगळे उडाले. सोमाजीनं पुढच्या मचाणाला हाक दिली, तिथून ओ आली, मग त्याच्यापुढची, पार पाळीपर्यंत. मी ऐकत वर उभी राहिले. मी एकटी आहे हे त्या क्षणी मला पूर्ण कळलं, आणि मी आहे हे त्या सगळ्यांना कळलं, एवढंच काय ते झालं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी भद्रावतीला गेले आणि शाळेजवळ एक खोली घेतली. कपडे मोजकेच होते, थंडी सुरू झाली तेव्हा स्वेटर बरोबर होता. सासूबाईंचा हिशेब चुकला नव्हता. शाळेत सगळ्यांनी विचारलं, "काय मॅडम, मजा आहे बुवा, जंगलात सुट्टी! शांत असंल नाही?" मी हो म्हटलं. पुढे चंद्रपूरला बदली झाली, हे घर झालं. मामा आणि सोमाजी पुन्हा कधी बोलले का, असं लोक विचारतात. नाही बोलले. मामा गेला तेव्हा सोमाजी आला, पण धुऱ्यापलीकडे उभा राहिला, टोपी हातात घेऊन. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला वाटत नाही.

एकटीच्या घरात शरद दरवर्षी येतो आणि मला तो कधीच सोपा जात नाही. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते, दुपारी इतक्या लख्ख असतात की कोपऱ्यातलं काहीही लपत नाही. बाकीचे ऋतू माणसाला कशात ना कशात गुंतवतात. हा नुसता समोर बसून राहतो.

अशाच एका ऑक्टोबरात, बऱ्याच वर्षांनी, नवरा आला. संध्याकाळ होती. मी ओट्यापाशी तांदूळ धूत होते. दारात कुणी बेल वाजवली नाही, कडी वाजवली नाही, हाक आली, "शीला." म्हातारा झालेला आवाज, पण कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. माझे हात पाण्यात थांबले. गप्प बसता आलं असतं. खोकून गप्प बसता आलं असतं. मामाची ती पांढऱ्या धुळीची पावलं मला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि खरं सांगते, क्षणभर घशाशी खोकला आलाही.

मी ओ दिली.

हात पुसून दारात गेले. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, हातात पिशवी. "बरी आहेस?" म्हणाला. मी म्हटलं, "बरी आहे." पाणी आणून दिलं. तो ते उभ्यानंच प्यायला आणि त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, खुर्चीकडे. मी 'आत या' म्हटलं नाही. त्यानं पेला परत दिला. मग जिना उतरून गेला. खालचं फाटक वाजेपर्यंत मी तिथंच होते.

आत आले तर पातेल्यात तांदूळ तसेच होते, एकीपुरते. हात आपोआप तांदळाच्या डब्याकडे गेला, आणखी एक मूठ घ्यायला. तो मी मागे घेतला आणि भात चढवला.